गाडीची बॅटरी घरी चार्ज करताय? आधी चिमटे की आधी बटण, एवढं माहीत असायलाच हवं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार. जेवणं उरकून घर पेंगत होतं आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, अंडं सडलंय का कुठे? केवढा वास सुटलाय!" फ्रीज उघडून पाहिला, अंडी घरात नव्हतीच. सिलिंडरची नळी तपासली, ती ठीक होती. वास गॅलरीतून येत होता.

तिथे बाबांनी स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावली होती. पंधरा दिवस पावसात उभी असलेली स्कूटर सुरू होईना, म्हणून बॅटरी काढून वर आणली आणि शेजारच्या काकांचा कारचा चार्जर जोडला. पाऊस आत येऊ नये म्हणून गॅलरीच्या काचा लावलेल्या. बॅटरीचा डबा दोन्ही बाजूंनी फुगलेला. बाबा धावत आले आणि त्यांनी आधी चार्जरचा लाल चिमटा हिसकून काढला. 'चट्' असा आवाज झाला आणि बारीकशी निळी ठिणगी उडाली.

पुढे काही झालं नाही. पण या विषयावर वाचायला आणि बॅटरीवाल्यांना विचारायला लागल्यावर लक्षात आलं, की आमचं नशीब चांगलं होतं, एवढंच. त्या पाच मिनिटांत आमच्या घरात एकाच वेळी चार चुका झाल्या होत्या.

घरी वापरायचे बॅटरी चार्जर आता ऑनलाइन सहज मिळतात. सोबतचा कागद मात्र बारीक अक्षरातला, इंग्रजी आणि बहुतेक वेळा न वाचताच टाकून दिलेला. चार्जर वापरणं अवघड अजिबात नाही. फक्त बॅटरीच्या आत काय घडतं ते एकदा समजून घ्यायला हवं, म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत.

बॅटरी मुळात उतरते का?

गाडी बंद केली तरी ती पूर्ण झोपत नाही. घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक, इंजिनाचा कॉम्प्युटर यांना थोडा थोडा करंट लागतोच. कारमध्ये तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो.

हिशेब करून पाहू. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर खर्च होतात. छोट्या कारची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे गाडीला हातही न लावता महिन्याभरात बॅटरी रिकामी. इंजिन फिरवण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते. बॅटरी जुनी असेल, तर पंधरा दिवसही पुरतात.

पावसाळ्यात यात भर पडते. वायपर, दिवे, एसीचा पंखा असं सगळं एकदम चालू आणि प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. स्टार्ट करताना गेलेला चार्ज तेवढ्यात भरून निघत नाही.

"अर्धा तास गाडी नुसती चालू ठेव, होईल चार्ज" हा सल्ला आपण सगळ्यांनीच ऐकलाय. गाडीचा अल्टरनेटर बॅटरी भरलेली राखण्यासाठी असतो. पार उतरलेली बॅटरी भरायला त्याला काही तास गाडी रस्त्यावर चालावी लागते. जागेवर उभ्या गाडीत त्याने जेमतेम दोन-चार स्टार्टपुरता जीव येतो.

आणि उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर तिच्या आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे जमून कडक होतात. ते पूर्ववत होत नाहीत आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. त्यामुळे घरी चार्जर असणं चैनीची गोष्ट नाही. बॅटरी वेळेवर चार्ज केली, तर ती जास्त टिकते.

चार्जिंग होताना आत काय घडतं?

आपल्या बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये असते ती लेड-ॲसिड बॅटरी. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लाँते यांनी ती १८५९ साली तयार केली. मूळ रचना आजही तीच आहे. शिशाच्या प्लेटा आणि पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते.

बॅटरी वापरली की प्लेटांवर सल्फेट जमतं. चार्जर लावला की उलटी क्रिया होते, सल्फेट सुटतं आणि ॲसिड पुन्हा तयार होतं. इथपर्यंत काही काळजी नाही.

खरी गोष्ट बॅटरी भरत आल्यावर सुरू होते. हंडा भरला तरी नळ सुरूच राहिला, तर पाणी बाहेर सांडतं. बॅटरीतही तेच होतं, फक्त सांडतो तो गॅस. करंटला करायला काम उरत नाही, मग तो पाण्याचंच विघटन करू लागतो. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. १२ व्होल्टच्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण १४.४ च्या वर गेला की हे जोरात होतं. साध्या, पाणी घालायच्या बॅटरीला कान लावला, तर बुडबुड्यांची चुळबुळ ऐकूही येते. पण कान लावू नका. का, ते आता बघू.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही, मग भीती कशाची?

हे खरं आहे की कोरड्या हातांनी १२ व्होल्टची टर्मिनल्स धरली, तरी शॉक जाणवत नाही. त्यामुळेच आपण निर्धास्त होतो. धोके वेगळे आहेत, आणि ते चार आहेत.

पहिला, गॅस. हायड्रोजनला रंग नसतो, वास नसतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं, की एका ठिणगीने तो पेटू शकतो. तो हवेपेक्षा सुमारे चौदा पट हलका असतो, म्हणून वर चढतो. बंद खोलीत छताखाली आणि गाडीत बॉनेटखाली साठतो. बॅटरीच्या तोंडाशी तर तो असतोच. तिथे ठिणगी पडली, तर आग डब्याच्या आत शिरते आणि बॅटरी फुटते. प्लास्टिकचे तुकडे आणि ॲसिड उडतं, आणि त्या वेळी माणूस नेमका वाकून बॅटरीकडेच बघत असतो.

दुसरा, ॲसिड. कातडीची आग होते, आणि डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते. कपड्यांवरचा शिंतोडा लगेच दिसत नाही. धुतल्यावर सुती पँटला भोकं पडलेली दिसतात, तेव्हा कळतं.

तिसरा, शॉर्टसर्किट. पाना हातातून निसटून दोन्ही टर्मिनल्सवर आडवा पडला, तर त्यातून शेकडो अँपिअर करंट वाहतो. पाना लालबुंद होतो. पान्याच्या जागी बोटातली सोन्याची अंगठी किंवा मनगटातलं कडं असेल, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली लांब साखळी आधी काढून ठेवायची.

चौथा, घरची वीज. चार्जरची एक बाजू १२ व्होल्टची असली, तरी दुसरी २३० व्होल्टचीच असते. आणि पार्किंगमधली फरशी पावसाळ्यात बहुधा ओली असते.

यातला पहिला धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळ्यात जास्त त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. पुढचे बहुतेक नियम एकाच वाक्यात बसतात: बॅटरीजवळ ठिणगी पडू द्यायची नाही.

आधी जागा ठरवा

हवा खेळती असलेली, कोरडी, सावलीची जागा हवी. उघडी गॅलरी, अंगण, उघडं पार्किंग चालेल. काचा लावून बंद केलेली गॅलरी, बेडरूम, जिन्याखालची कोंदट जागा, शटर ओढलेलं गॅरेज नको. स्वयंपाकघर तर नकोच, तिथे शेगडी आणि सिलिंडर दोन्ही असतात.

जवळपास सिगारेट, काडेपेटी, उदबत्ती, निरांजन काही नको. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अनेक घरांत गाडी धुऊन, बॅटरी चार्ज करून तयार ठेवली जाते. पूजेच्या वेळी बॅटरी चार्जिंगला लावलेली असेल, तर आधी चार्जिंग थांबवा, बॉनेट उघडं ठेवून हवा जाऊ द्या, मग उदबत्ती लावा.

बॅटरी खाली काढली असेल, तर ती सपाट जागेवर सरळ ठेवा. गादी, सतरंजी, पुठ्ठ्यांच्या ढिगावर नको. चार्जर बॅटरीच्या डोक्यावर ठेवू नका. वायर पोचेल तितका लांब ठेवा. लहान मुलं आणि घरातलं मांजर-कुत्रं तिथे फिरकणार नाही, हेही पाहा.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडून खाली पार्किंगमध्ये चार्जर लावणं हा सोसायट्यांमधला नेहमीचा प्रकार. वायर सोललेली असेल, बोर्ड पावसात भिजत असेल किंवा पाण्यात पडला असेल, तर हा खेळ जिवावर बेतू शकतो. त्यापेक्षा बॅटरी काढून वर आणा. प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन भोकांत बसवण्याचा जुगाड इथे तरी नको. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल, तर उत्तमच. करंट गळायला लागला की तो वीज तोडतो.

चार्जर आणि बॅटरीची जोडी जुळते का?

आमच्या घरातली मोठी चूक इथेच झाली. काकांचा चार्जर ६ अँपिअरचा होता आणि स्कूटरची बॅटरी ५ अँपिअर-अवरची.

लेड-ॲसिड बॅटरीसाठी ढोबळ नियम असा, की चार्जिंगचा करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या साधारण दहावा हिस्सा असावा. अँपिअर-अवरचा आकडा बॅटरीच्या लेबलवर असतो.

- स्कूटर, मोटारसायकल: बॅटरी ४ ते ५ अँपिअर-अवर, करंट सुमारे अर्धा अँपिअर
- छोटी कार: ३५ अँपिअर-अवर, करंट ३ ते ४ अँपिअर
- मोठी डिझेल गाडी: ६० ते ७० अँपिअर-अवर, करंट ६ ते ७ अँपिअर

म्हणजे आमच्या बॅटरीला गरजेच्या बारा पट करंट देऊ शकणारा चार्जर जोडला होता. ती तापली, फुगली आणि सडक्या अंड्याचा वास मारू लागली, यात नवल नाही. करंट कमी असेल तर फक्त वेळ जास्त लागतो. जास्त असेल तर बॅटरी जाते.

चार्जरवर ६, १२, २४ व्होल्ट असं बटण असेल, तर ते १२ वर आहे ना, हे पाहा. बॅटरीचा प्रकारही निवडावा लागतो. पाणी घालायची साधी बॅटरी, सीलबंद बॅटरी, एजीएम, जेल या सगळ्यांना लागणारा व्होल्टेज थोडा थोडा वेगळा असतो. जेल बॅटरी जास्त व्होल्टेजला सगळ्यात नाजूक.

'मेंटेनन्स-फ्री' किंवा सीलबंद लिहिलंय म्हणजे गॅस निघत नाही, असा मोठा गैरसमज आहे. या बॅटऱ्यांमध्ये गॅसचं बरंचसं पुन्हा पाणी होतं, म्हणून एरवी पाणी घालावं लागत नाही. पण चार्ज जास्त झाला की त्यांचाही व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर येतोच.

शक्यतो आपोआप करंट कमी करणारा, उलटं जोडलं तर सुरूच न होणारा चार्जर घ्या. अशा 'स्मार्ट' चार्जरमध्ये चिमटा बॅटरीला नीट लागल्याशिवाय बहुधा वीजच सोडली जात नाही, त्यामुळे ठिणगीची शक्यता खूप कमी होते. मेकॅनिककडे दिसतो तो जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर मजबूत असतो, पण त्यातल्या बहुतेकांना बॅटरी भरल्याचं कळत नाही. तुम्ही बंद करेपर्यंत तो करंट देतच राहतो. तो वापरायचा असेल तर घड्याळ लावून, शेजारी जागं राहूनच.

बॅटरी चार्ज करण्यालायक आहे का?

जोडण्याआधी एकदा नीट बघा. डबा फुगलाय, तडा गेलाय, ॲसिड झिरपतंय, टर्मिनल हलतंय, यांपैकी काहीही असेल तर घरी चार्ज करू नका. ती बॅटरी बॅटरीवाल्याकडेच गेली पाहिजे.

साधा मल्टिमीटर असेल, तर गाडी काही तास बंद ठेवून व्होल्टेज मोजा.

- १२.६ किंवा जास्त: भरलेली
- १२.४: साधारण पाऊण
- १२.२: अर्धी
- १२.० च्या आसपास: पाव
- ११.८ किंवा कमी: उतरलेली

१०.५ च्याही खाली असेल, तर एखादा सेल मेला असण्याची शक्यता मोठी. अशी बॅटरी चार्जर लावून गरमच होते, भरत नाही.

पाणी घालायची बॅटरी असेल, तर लेव्हल पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला. खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. नळाचं, आरओचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी चालत नाही. त्यात क्षार किंवा धातूंचे कण असतात आणि ते प्लेटा खराब करतात. आणि घरच्या घरी वरून ॲसिड तर कधीच घालायचं नाही. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने पुसून घ्या. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

जोडायचं कसं? हा क्रम पाठ करा

हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चश्मा असू द्या. नजरेचा साधा चश्मा पुरेसा नाही, बाजूंनी शिंतोडे येतात. चेहरा बॅटरीच्या बरोबर वर आणू नका.

गाडी बंद, चावी बाहेर, दिवे-रेडिओ बंद. बॅटरी गाडीतच असेल तर:

१. भिंतीवरचं बटण बंद आहे आणि चार्जरचा प्लग काढलेला आहे, याची खात्री करा.
२. लाल चिमटा बॅटरीच्या प्लस टर्मिनलला घट्ट लावा.
३. काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या किंवा चेसिसच्या रंग नसलेल्या जाड धातूला लावा. पेट्रोलच्या नळ्या, पंखा, पट्टा यांच्याजवळ नको. अनेक गाड्यांत यासाठी वेगळा बिंदू दिलेला असतो, तो गाडीच्या पुस्तिकेत सापडतो.
४. वायर कुठे अडकत नाही ना, चिमटे हलत नाहीत ना, ते पाहा.
५. आता प्लग लावा आणि शेवटी बटण चालू करा.

काढताना बरोबर उलटं:

१. आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग काढा.
२. पाच-दहा मिनिटं थांबा. साठलेला गॅस जाऊ द्या.
३. काळा चिमटा काढा.
४. लाल चिमटा काढा.

काळा चिमटा थेट बॅटरीच्या मायनसला का लावायचा नाही? कारण शेवटचा चिमटा जोडताना ठिणगी उडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ती उडायचीच असेल, तर बॅटरीपासून दोन हात लांब उडू दे. लाल आधी का? गाडीचं सगळं लोखंडी अंग मायनसला जोडलेलं असतं. काळा आधी लावला आणि मग लाल चिमटा निसटून कुठेही टेकला, तर लगेच शॉर्ट.

बॅटरी बाहेर काढून चार्ज करायची असेल, तर गाडीतून सोडवताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. यामागचं कारण तेच. बाहेर काढलेल्या बॅटरीला दोन्ही चिमटे थेट टर्मिनल्सना लागतात. मग तर 'बटण सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद' हा नियम आणखी महत्त्वाचा.

स्कूटर-मोटारसायकलची बॅटरी लहान जागेत घुसवलेली असते, ती काढून चार्ज केलेली बरी. कारची बॅटरी काढली तर घड्याळ, रेडिओ, काही गाड्यांत पॉवर विंडोचं सेटिंगही पुसलं जातं, म्हणून ती बहुतेकजण गाडीतच चार्ज करतात. मात्र चार्जरवर 'रिपेअर' किंवा 'रिकंडिशन' असा मोड असेल, तर तो बॅटरी गाडीला जोडलेली असताना वापरू नका. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जाऊ शकतो आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचं नुकसान होऊ शकतं.

किती वेळ लावून ठेवायची?

अर्धी उतरलेली ३५ अँपिअर-अवरची बॅटरी धरू. तिला १७.५ अँपिअर-अवर परत द्यायचे आहेत. थोडं वाया जातं म्हणून २१ धरा. ३.५ अँपिअरने भागलं की सहा तास. शेवटी करंट आपोआप कमी होत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-एक तास जास्त लागतात. विजेचा खर्च म्हणाल, तर पूर्ण रिकामी बॅटरी भरायलाही जेमतेम अर्धा-पाऊण युनिट लागतं.

म्हणूनच रात्री लावून झोपायचा मोह होतो. तो टाळा. सकाळी लावा, घरात कुणीतरी जागं असताना. सुरुवातीच्या तासाभरात दोन-तीनदा आणि नंतर अधूनमधून जाऊन बघा. बॅटरी कोमट लागणं स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल, तर चार्जिंग लगेच थांबवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात भर दुपारी, उन्हात तापलेली बॅटरी चार्जिंगला लावूच नका. सकाळची थंड वेळ पाहा.

काही बिनसलं तर?

सडक्या अंड्यासारखा वास आला, डबा फुगू लागला, धूर दिसला, तर चिमट्यांना हात लावू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा. तिथवर जाता येत नसेल तर मीटरजवळचा एमसीबी पाडा. माणसांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. तिथला पंखा किंवा दिवा लावायला जाऊ नका, बटणातही ठिणगी होते. बॅटरी थंड होईपर्यंत तिच्याजवळ जाऊ नका. आग लागली तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तो विषारी वायू आहे, आणि प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. "वास गेला वाटतं" म्हणून परत आत जाणं धोक्याचं.

ॲसिड अंगावर उडालं, तर कपडे काढून भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं, तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि लगेच डॉक्टरकडे जा. गुलाबपाणी, दूध, सोडा असलं काहीही डोळ्यात घालू नका. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या ॲसिडवर टाकायला ठीक, डोळ्यासाठी फक्त पाणी. चार्जर लावण्याआधीच एक बादली पाणी जवळ भरून ठेवलेली बरी.

दुसऱ्या गाडीवरून जम्प स्टार्ट करताना?

तोच नियम. आधी लाल चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक चालू गाडीच्या प्लसला. काळा चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला न लावता, इंजिनाच्या धातूला. शेवटची ठिणगी इथेही बॅटरीपासून लांबच.

इलेक्ट्रिक स्कूटरला हा चार्जर चालेल का?

नाही. बहुतेक नव्या इलेक्ट्रिक दुचाकींमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिचा व्होल्टेज, चार्ज होण्याची पद्धत आणि आतलं नियंत्रण सगळंच वेगळं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरला आग लागल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. त्या वर्षी अशा घटना वाढल्यावर केंद्राने १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले. पण कंपनीने दिलेला चार्जर सोडून दुसराच लावला, तर निकषांचा उपयोग काय? जी गाडी, तिचाच चार्जर.

जुनी बॅटरी भंगारात टाकू नका

चार्ज केल्यावर दोन दिवसांत पुन्हा उतरत असेल, तर बॅटरीचं आयुष्य संपलंय किंवा गाडीत कुठेतरी करंट गळतोय. पुन्हा पुन्हा चार्जर लावणं हा उपाय नाही, तपासून घ्या. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या, तिचे पैसे वजा होतात. शिसं आणि ॲसिड दोन्ही माती आणि पाण्यासाठी घातक आहेत, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर होण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आमची ती फुगलेली बॅटरी बॅटरीवाल्याने लांबूनच बघून बाजूला ठेवली. नवी आली, सोबत अर्ध्या अँपिअरचा छोटा चार्जरही आला. त्याच्या खोक्यावर बाबांनी जाड स्केचपेनने दोन ओळी लिहून ठेवल्यात. चार्जर कुणीही मागायला आलं, तरी खोक्यासकटच द्यायचा, असा आईचा नियम आहे.

लावताना: आधी चिमटे, मग बटण.
काढताना: आधी बटण, मग चिमटे.